फौजदाराचा गृहप्रवेश

भरे, २ मे १९६२

आक्का,

नमस्कार तुला आणि तुझ्या घरातल्या यच्चयावत मांजरांना. दाजी अजून ओट्यावरच झोपतात का? की आत जागा झाली?

काम सांगते, हसू नकोस. मला आमचा फौजदार बोका घरात घ्यायचा आहे.

फौजदार आता म्हातारा झाला. एक कान अर्धा, एका डोळ्यात फूल पडलंय, आणि समोरून उंदीर आला तर बाजूला सरकून त्याला वाट देतो. सगळा जन्म बाहेर काढला त्यानं. खळं, गवताची गंजी आणि गोठा. पण त्याला बाहेर काढलं कुणी? मीच. हे पिरंगुटाहून त्याला पटक्यात गुंडाळून घेऊन आले तेव्हा तो मुठीएवढा होता. त्याच दिवशी मी यांच्या मामांसाठी खरवस करून झाकून ठेवला होता. या मुठीएवढ्यानं झाकण पाडलं, पोटभर खाल्लं आणि उरलेल्या खरवसात अंग टाकून झोपला. मामा जेवायला बसलेले. मी फुंकणी उचलली आणि ओरडले, "बोका भायेर!"

हे पानावरून उठले. म्हणाले, "बोका भायेर, तर मी बी भायेर. ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीन तर भैरोबाची आन हाय!"

मला वाटलं, रात्रीच्या भाकरीपर्यंत येतील. त्याला आता दहा-अकरा पावसाळे झाले. हे गोठ्यात राहतात, फौजदार यांच्या पायाशी झोपतो. आमच्या लेकीचं, शेवंताचं लग्न सुद्धा यांनी अंगणातल्या मांडवातून उरकलं, देवघराला नमस्कार बाहेरूनच केला. तू आली होतीस लग्नाला. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. पण संसार म्हटला की बोलावं लागतंच, म्हणून कपिला गाईमार्फत बोलतो. मी म्हणते, "कपिले, मीठ संपलंय म्हनावं." हे म्हणतात, "कपिले, उद्या बाजार हाय म्हनावं." तिच्या आधी तिच्या आईमार्फत बोलायचो.

आता खरं सांगते. पौडच्या डॉक्टरांनी यांची छाती तपासली. दमा आहे. हा पावसाळा गळक्या गोठ्यात काढला तर पुढचा दिसायचा नाही, असं ते म्हणाले. हे यांनी मला नाही, कपिलेला सांगितलं, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. तेव्हापासून तोंडानं "आत या" म्हणायला जाते आणि बाहेर "कपिले"च येतं. भैरोबाच्या गुरवाला विचारलं. तो म्हणाला, ज्यावरून आण घेतली ते भांडण मिटलं की नारळ देऊन आण उतरवता येते. भांडण बोक्यावरून. म्हणून पाऊस लागायच्या आत बोका घरात आला पाहिजे. बोका आत आला की यांना बाहेर राहायला कारण उरणार नाही.

तुला मांजरांतलं कळतं. काय करू ते लिही.

तुझी रंभा


जांबे, ९ मे १९६२

रंभा,

तुला आशीर्वाद आणि बोक्याला जास्त.

तुझं पत्र पाहून फार आनंद झाला. आपल्या माहेरात मांजराची कदर मी सोडून कुणाला नव्हती, तुला उशिरा का होईना अक्कल आली. मला येता आलं असतं तर मीच आले असते, पण आमची चिंगी मांजर आज-उद्या व्यायची आहे आणि तिला माझ्याशिवाय कुणी जवळ आलेलं चालत नाही.

आता नीट ऐक. म्हातारा बाहेरचा बोका एकदम सगळ्या घरात सोडायचा नाही, भांबावतो. आधी एकच खोली द्यायची. तो बाहेर ज्यावर झोपतो ते गोणपाट आणून आत टाकायचं, आणि खबरदार, धुवायचं नाही. स्वतःचा वास आला की त्याला वाटतं आपण आधीपासून इथेच आहोत. जेवण रोज एकाच वेळी, आणि आतच. कोपऱ्यात घमेल्यात चुलीची राख ठेवायची, ती कशासाठी ते तुला सांगायला नको. लपला तर लपू दे, ओढून काढू नकोस. डोळ्याला डोळा भिडवू नकोस, त्यांना ते भांडण वाटतं. बाहेरचं दिसेल अशी एक जागा त्याला असू दे, नाहीतर झुरतो. आणि मुख्य म्हणजे आल्या आल्या लाड करायला जाऊ नकोस. आपलं काम करत राहावं, तो आपणहून जवळ येतो.

त्याला कसले मासे आवडतात ते तू लिहिलं नाहीस.

हैबतरावांना नमस्कार सांग. त्यांची प्रकृती उत्तम असेलच.

आक्का


भरे, २० मे १९६२

आक्का,

चिंगीला किती झाली ते कळव. इथे सगळा बट्ट्याबोळ झाला आहे.

मी माजघर मोकळं केलं. हे नदीवर गेलेले पाहून गोठ्यातलं गोणपाट उचलून आणलं. राखेचं घमेलं ठेवलं. मग सुकट भाजली. असा वास सुटला की रत्नाबाई शेजारीण ताटली घेऊनच आली. फौजदारही आला. दारापर्यंत आला, उंबऱ्याशी थांबला, मान लांब करून वास घेतला, आणि माझ्याकडे नाही, भिंतीवर टांगलेल्या फुंकणीकडे पाहिलं. मग बसला. सगळी संध्याकाळ तिथेच बसला. सुकट आत, फौजदार बाहेर, मध्ये उंबरा. रोज हेच चाललंय. इतकी वर्षं त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला की मी फुंकणी आपटायची. त्याचा धडा त्याला पाठ आहे, मला वाटलं होतं विसरला असेल.

मग रत्नाबाई म्हणाली, "पोत्यात घालून आनू की, त्यात काय हाय!" तिनं पोत्यात घालून आणला आणि माजघरात सोडला. तो कणगीवरून माळ्यावर गेला, माळ्यावरून लोणच्याच्या बरणीवर, आणि बरणीसकट खाली आला. मग कौलं सरकवून गेला. छपराला भोक पडलं, रत्नाबाईच्या हाताला ओरखडे, आणि कैरीचं लोणचं भिंतीवर. गोठ्यातून आवाज आला, "कपिले, घरात दरोडा पडलाय का, इचार."

मी म्हटलं, "कपिले, न्हाई म्हनावं, साफसफाई चाललीया."

गोणपाट आणलं त्या रात्री यांना अंथरायला काही नव्हतं. नुसत्या पेंढ्यावर झोपले आणि पहाटेपर्यंत खोकत होते. मी आत त्यांच्या गोणपाटाशेजारी बसून ऐकत होते. सकाळी गुपचूप परत नेऊन टाकलं. आभाळ भरून यायला लागलंय, आक्का. काहीतरी सुचव.

रंभा


भरे, २४ मे १९६२

सौ. चंद्राक्का यांस हैबतरावाचा रामराम.

मी पत्र लिहिणारा माणूस नव्हे. पण प्रकरण गळ्याशी आलं म्हणून लिहितो.

तुमची बहीण माझा बोका फितवते आहे. सबंध आठवडा घरात सुकट भाजली जाते. आमच्या घरात एवढी सुकट असते हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, मला गोठ्यात पिठलंच येतं. एके दिवशी माझं अंथरूणही पळवलं. दुसऱ्या दिवशी ते आपोआप परत आलं आणि त्याला सुकटीचा वास येत होता. त्यावर फौजदार झोपला, मला जागा दिली नाही.

फौजदार माझ्याबरोबर बाहेर निघालेला आहे. त्याच्यापायी मी घर सोडलं. तो जर सुकटीच्या मागे आत गेला तर मी इतकी वर्षं गोठ्यात कशासाठी होतो, असं लोक विचारतील. मी काय सांगू? तो गेला नाही, ही त्याची इमानदारी. पण तो उंबऱ्याशी जाऊन बसतो हे मी पाहतो. मीही कधीकधी आंब्याखालून तिकडे पाहतो. ते असो.

तिला दोन शब्द सांगा. बोका पाहिजे तर तोंडानं माग म्हणावं. आणि बोलायचंच झालं तर आधी काय बोलायचं ते तिला ठाऊक आहे.

खोकला आहे, पण विशेष नाही. तिला लिहू नये.

हैबतराव


जांबे, ३० मे १९६२

हैबतराव यांस,

पत्र पोचलं. बोका सुकट खातो हे तुमच्याकडून समजलं, रंभानं मोघम लिहिलं होतं. त्याला पिठलं देऊ नये, पोट बिघडतं. चिंगीला चार झाली, दोन तुमच्यासाठी ठेवू का?

चंद्रा


जांबे, ३० मे १९६२

रंभा,

पोत्यात घालून आणलास? कैद्यासारखा? तुझ्या त्या रत्नाबाईला मांजराच्या वाटेला जाऊ देऊ नकोस.

तुझी चूक माझ्या लक्षात आली. मांजर मार विसरतं, माराची जागा विसरत नाही. त्याची भीती फुंकणीत नाही आणि तुझ्यातही नाही, उंबऱ्यात आहे. आमच्या ढोल्याला जात्याची भीती होती, मी जातं विकून टाकलं. हे आता पीठ शेजारून दळून आणतात, पण ढोल्या सुखात आहे. तू उंबरा काढून टाक. सुताराला बोलाव आणि चौकटीखालून सरळ उपटून काढ. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. त्यांना म्हातारं मांजर सांभाळायचं नाहीये.

हैबतरावांचंही पत्र आलं. बोक्याविषयी त्यांना बरीच कळकळ आहे असं दिसतं.

आक्का


भरे, १२ जून १९६२

आक्का,

उंबरा काढला.

नथू सुतार आधी तयार होईना. "वैनी, ही घराची लक्षुमी हाय. कुनी गेलं का घरातलं? का घर इकताय?" मी म्हटलं, बोक्यासाठी काढायचाय. त्यानं पहार खाली ठेवली. मग म्हणाला, "हैबतरावांनी सांगितलंय?" मी म्हटलं, कपिलेला सांगितलंय. तेव्हा त्यानं मुकाट्यानं काम सुरू केलं. मजुरीशिवाय ती फुंकणीही त्याला देऊन टाकली. निम्मा गाव अंगणात जमला होता. एक म्हातारी तर रडून सुद्धा गेली.

आता पुढचं ऐक. उंबरा निघाला, पण ठेवायचा कुठे? रोज हळदकुंकू लावलेलं लाकूड, ते उकिरड्यावर टाकवेना. नथूनं इकडेतिकडे पाहिलं. गोठ्याच्या दारातलं लाकूड कुजून गेलंय आणि पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं. तो म्हणाला, "हितं बसवतो. लक्षुमीच्या पायाशी लक्षुमी. पानी बी आडंल." हे घोटवड्याला गेले होते. पाणी अडेल म्हणताच मला यांची छाती आठवली आणि मी हो म्हणून बसले. नथूनं चोख बसवून दिला. मी सवयीनं त्याला हळदकुंकू लावलं.

माझ्या टाळक्यात त्या वेळी काही शिरलं नाही. तुला तरी शिरलं असतं का, देव जाणे.

हे संध्याकाळी आले. गोठ्यात पाय टाकणार, तोच थांबले. खाली वाकले. हात लावून पाहिला. मग तसेच वाकलेले म्हणाले, "कपिले, हा उंबरा कुनाचा?"

मी दारातून म्हटलं, "कपिले, घराचा हाय म्हनावं."

"कपिले, तिला म्हनावं, मी भैरोबाची आन घेतलीया. ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकनार न्हाई म्हनून."

माझ्या हातातलं घमेलंच खाली पडलं. आक्का, मी यांना गोठ्यातूनही बाहेर काढलं! आण उंबऱ्याची होती, उंबरा जाईल तिकडे ती गेली.

हे आंब्याखाली बसलेत. डोक्यावर इरलं आहे, पण वारा आडवा आहे. रत्नाबाईनं त्यांच्या घरी बोलावलं, तर "मी कुनाच्या दारात जानार न्हाई," म्हणाले. फौजदार आत पेंढ्यावर आहे, त्याला काही नाही. मी हे पत्र चुलीपुढे लिहितेय आणि यांचा खोकला ऐकू येतोय. आता थेंब मोठे झाले. पत्र इथेच ठेवते, जाते.

रंभा


जांबे, १८ जून १९६२

रंभा,

घाईत लिहिते. तुझं पत्र वाचून माझी झोप उडाली. तुझ्या लक्षात आलं नसेल, म्हणून कळवते. उंबरा आता गोठ्याला आहे आणि बोका गोठ्याच्या आत आहे. तो उंबरा ओलांडत नाही. म्हणजे तो आता बाहेर येऊ शकत नाही! तू काय केलंस, त्या बिचाऱ्याला तुरुंगात टाकलंस. त्याला आधी उचलून आण. बाकी सगळं नंतर.

आक्का


भरे, २९ जून १९६२

आक्का,

तू म्हणालीस ते अगदी खरं निघालं, पण क्रमानं सांगू दे.

त्या दिवशी पत्र टाकून उठले ती तशीच अंगणात गेले. डोक्यावर काही घेतलं नाही. हे इरल्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि खोकला थांबत नव्हता. पुढ्यात उभी राहिले. कपिला गोठ्यात होती, हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. मी म्हटलं, "आत या."

हे म्हणाले, "कपिलेला सांगतीस का मला?"

"तुमाला."

"आनि आन?"

"घराला उंबरा ऱ्हायलाय कुटं?"

हे उठले. दारापाशी आले. खाली चौकटीत नुसती ओली माती होती, तिच्याकडे नीट पाहिलं, पायानं चाचपलं. मग जपून, गार पाण्यात उतरावं तसे, आत आले. मी तोंड फिरवून चूल फुंकायला बसले. फुंकणी नथूला दिलेली, नुसत्या तोंडानंच फुंकत राहिले. धुरानं डोळ्यांतून पाणी आलं असं मी सांगितलं. धूर नव्हता.

मग मात्र कठीण गेलं. इतक्या वर्षांत घराची सवय पार मोडलेली. कुठे बसावं हे त्यांना कळेना. कणगीमागे जाऊन बसले. जेवताना पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे. भांडं पडलं की उठून उभे राहायचे. मला काही सुचेना, तेव्हा तुझं पहिलं पत्र काढलं. एकच खोली दिली, माजघर. गोठ्यातलं गोणपाट न धुता आणून टाकलं. जेवण एका वेळी. कणगीमागून बोलावलं नाही. डोळ्याला डोळा दिला नाही. खिडकीपाशी पाट टाकून दिला, तिथून अंगण दिसतं. लाड केले नाहीत, आपलं काम करत राहिले. पाचव्या की सहाव्या दिवशी मी तांदूळ निवडत होते, तर हे आपणहून येऊन शेजारी बसले आणि खडे काढू लागले. आक्का, तू बोक्यासाठी लिहिलेलं एकूण एक यांना लागू पडलं, राखेचं घमेलं तेवढं सोडून.

पण फौजदार! गोठ्यात उंबऱ्याच्या आत बसून ओरडायचा. हे बाहेर उभे राहून "ये, ये," म्हणायचे. तो ओलांडून येईना, यांना आत जाता येईना. कपिला मात्र दोघांच्या मधून खुशाल जायची यायची. तेवढ्यात तुझं पत्र आलं. मी पदर खोचला, गोठ्यात गेले आणि त्याला उचलला. ओरबाडेल म्हणून डोळे मिटून घेतले होते. ओरबाडलं नाही. किती हलका झालाय गं तो. नुसती कातडी आणि मिशा. अंगणातून घेऊन आले आणि माजघरात गोणपाटावर ठेवला. त्यानं भिंतीकडे पाहिलं. फुंकणीचा खिळा रिकामा होता. मग यांच्या मांडीवर गेला.

परवा कपिला व्याली, कालवड झाली. खरवस केला. पहिली वाटी फौजदारापुढे ठेवली. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. दात राहिले नाहीत म्हणे. यांनी ती वाटी संपवली, आणि पुढच्या चार.

खोकला बसतोय. डॉक्टर म्हणाले, असंच कोरड्यात ठेवा.

रंभा


जांबे, ५ जुलै १९६२

रंभा,

बोका आत आला, डोळे भरून आले. खरवस त्याला दुधात कुस्करून दे.

पण हे काय वाचते आहे मी? हैबतराव इतकी वर्षं गोठ्यात झोपत होते? मला कुणी सांगितलं नाही! तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली, तर पहिल्याच पत्रात आहे. मी बोक्याचा भाग तेवढा वाचत गेले असं दिसतं.

मग उठून ओट्यावर गेले. आमचे हे तिथे घोंगडी पांघरून बसले होते, पावसाची झड पायावर येत होती. म्हटलं, "तुमी आत झोपत जावा." हे म्हणाले, "कुटं? चिंगी हाय तितं." चिंगीला उठवलं. ती चिडली आहे. बघू.

आक्का


भरे, १६ जुलै १९६२

सौ. चंद्राक्का यांस हैबतरावाचा रामराम.

आमच्याकडे सर्व ठीक आहे. बेंदूर झाला. मी घरात आहे, फौजदार घरात आहे, तो आता गोणपाटही सोडून रंभाच्या लुगड्यांच्या गाठोड्यावर झोपतो. इमानदारीविषयी मागे जे लिहिलं ते मी परत घेतो.

आणेचं मात्र भिजत घोंगडं पडलं आहे. गुरव म्हणतो, भांडण मिटलं हे खरं, पण उंबरा जागेवर नाही, तेव्हा आण उतरवायची कुठल्या दारात, हे देवाला विचारावं लागेल. आणि देवाला दसऱ्याशिवाय विचारत नाहीत. तोवर मी गोठ्यात पाऊल टाकत नाही. धार रंभाच काढते.

दुसरी एक अडचण आली म्हणून लिहितो. कपिला दूध चोरू लागली. नुकती व्यालेली गाय, कासेत दूध दिसतं आणि सोडत नाही. वैरण पाहिली, दृष्ट काढली, काही फरक नाही. मग रंभा म्हणाली, "तिच्याशी आता कुनी बोलत न्हाई, म्हनून." विचार केला तर खरं वाटलं. जन्मल्यापासून तिच्या कानावर आमचाच संसार, आणि आता एकदम सामसूम.

म्हणून रोज संध्याकाळी धारेच्या वेळी रंभा आत बसते, मी इरलं घेऊन उंबऱ्याच्या बाहेर उभा राहतो, आणि आम्ही कपिलेमार्फत थोडं भांडतो. ती लगेच पान्हा सोडते. पण भांडायला विषय पुरत नाहीत. परवा मिठावर भागवलं, त्याच्या आदल्या दिवशी तुमच्यावर.

काल काहीच सुचेना. पाऊस लागला होता. मी म्हणालो, "कपिले, तिला इचार, इतक्या वर्सांत येकदा तरी आत या म्हनावंसं वाटलं का न्हाई?"

आत धारेचा आवाज थांबला.

"कपिले," रंभा म्हणाली, "रोज वाटलं म्हनावं."

कपिलेनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. धार पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळानं रंभा बोलली, पण या वेळी कपिलेला नाही.

"भिजू नका. जावा घरात. फौजदार येकटा हाय."

मी गेलो.

हैबतराव